हिसिंगेन ब्लूज : जुन्या घडणीचा हेवी रॉक

स्वीडनमधल्या ग्रेव्हयार्ड या बँडचा 'हिसिंगेन ब्लूज' हा दुसरा अल्बम २०११ साली प्रसिद्ध झाला. नऊ गाणी, जेमतेम चाळीस मिनिटांची लांबी, दोन गिटार, बेस, ड्रम आणि एक खरखरीत, उंच जाणारा गळा, एवढाच त्याचा संसार. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा बहुधा असा समज होतो, की ही तबकडी १९७१ च्या सुमारास निघाली असावी, कुठल्या तरी गोदामात पडून राहिली असावी आणि आता कुणाच्या तरी हाती लागली असावी. गिटारचा आवाज करवतीसारखा कापणारा नाही, घोगरा आणि उबदार आहे. ड्रम एखाद्या खऱ्या खोलीत वाजल्यासारखे ऐकू येतात. गाणारा कधी ओठातल्या ओठात बोलतो, तर कधी छाती फुटेल असा ओरडतो. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर या जुनेपणाचा उलगडा होऊ लागतो. हा अल्बम जुना भासतो तो मुख्यतः त्याच्या वाजवण्याच्या पद्धतीमुळे. ती पद्धत कुठून आली, तिने काय साधते आणि या नऊ गाण्यांत ती कशी वापरली आहे, हे समजले की ऐकण्यातली गोडी बरीच वाढते.

हिसिंगेन हे गोथेनबर्ग शहराचाच भाग असलेले बेट. योटा नदीच्या उत्तरेला पसरलेला हा भाग अनेक दशके जहाजबांधणीवर जगला. योटावेर्केन, एरिक्सबेर्ग, लिंडहोल्मेन ही तिथल्या गोद्यांची नावे सगळ्या स्वीडनला ठाऊक होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या टँकर जहाजांची मागणी कोसळली, जपानी गोद्यांशी स्पर्धा झेपेना आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हा धंदा जवळपास बुडाला. बेटावरच्या तूर्सलांडा भागात १९६४ साली सुरू झालेला व्होल्वोचा कारखाना तेवढा टिकून राहिला. अशा कामगारवस्तीच्या नावाला ब्लूज हा शब्द जोडणे म्हणजे मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या गाण्याशी आपले नाते सांगणे. गाण्यांमध्ये गोद्यांचा इतिहास शोधायला जाऊ नये, तो तिथे नाही. पण नाव ठेवताना बँडने लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्कोकडे न पाहता आपल्या पायाखालची जमीन निवडली, ही गोष्ट लहान नाही.

ज्या काळाची आठवण हा अल्बम जागवतो तो साधारण १९६८ ते १९७४ चा. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू चीअरने १९६८ च्या आरंभी ब्लूजला इतका गोंगाटी केला, की तो ओळखू येईनासा झाला. क्रीम आणि जिमी हेंड्रिक्स यांनी गिटारला लांबलचक स्वैर आलापी करू दिली. जानेवारी १९६९ मध्ये लेड झेपेलिनचा पहिला अल्बम आला. पुढच्या वर्षी १३ फेब्रुवारीला, शुक्रवारी, बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम बाजारात आला. तो जवळजवळ एका दिवसात वाजवून संपवलेला होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये डीप पर्पलचा 'इन रॉक' आला. या सगळ्यांच्या मुळाशी ब्लूज होते, जॅझ ऐकलेले ड्रमर होते आणि आवाज आपोआप फाटेपर्यंत वाढवता येणारे नवे अ‍ॅम्प्लिफायर होते. हेवी मेटल हा वेगळा प्रांत अजून आखला गेलेला नव्हता. म्हणूनच त्या काळच्या एकाच तबकडीवर लोकगीताच्या वळणाचे हळुवार गाणे आणि कानठळ्या बसवणारी रिफ शेजारी शेजारी नांदत असत. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह. हेवी रॉकचे बहुतेक गाणे त्याच्यावरच उभे असते.

पुढे वाटा फुटल्या. १९८० च्या दशकात मेटल अधिक वेगवान आणि काटेकोर झाले. गोथेनबर्ग तर १९९० च्या दशकात मेलोडिक डेथ मेटलची राजधानीच बनले. अ‍ॅट द गेट्स, इन फ्लेम्स, डार्क ट्रँक्विलिटी हे तिथलेच. जुन्या जड रॉकची आठवण मधल्या काळात अगदीच पुसली गेली नव्हती. वॉशिंग्टन परिसरातला पेंटाग्राम १९७१ मध्ये स्थापन झाला, पण त्याचा पहिला अल्बम निघायला १९८५ उजाडले; स्टॉकहोमच्या कँडलमासने १९८६ मध्ये सबाथच्या मंद लयीला भव्य रूप दिले. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून कायसचा 'ब्लूज फॉर द रेड सन' आला. पण या मंडळींनी जुन्या संगीतातला एकेक गुण उचलून तो फुगवला. कायसच्या जॉश होमीने तारा सैल करून गिटार बेसच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवली. परिणाम जबरदस्त होता, मात्र तो जुना आवाज नव्हता.

जुन्या आवाजाचे मूळ माप शोधण्याचा हट्ट धरला तो मध्य स्वीडनमधल्या योरेब्रू गावच्या काही तरुणांनी. १९९० च्या दशकात तिथे नॉर्स्केन नावाचा बँड होता. नॉर्स्केन म्हणजे उत्तरेकडचे ध्रुवीय प्रकाश. त्यात माग्नुस पेलांडर, योआकिम नील्सन आणि रिकार्ड एडलुंड हे तिघे एकत्र वाजवत. बँड २००० मध्ये मोडला. पेलांडरने विचक्राफ्ट काढला. त्याचा २००४ मधला पहिला अल्बम या प्रवाहाचा पाया मानावा लागतो. त्यात गिटार मुद्दाम बारीक आवाजाची आहे, ड्रम दूरवर वाजतात आणि एकूण ठसा १९७० च्या एखाद्या गरीब, हौशी ध्वनिमुद्रणाचा उमटतो. नील्सन आणि एडलुंड यांनी पुढे गोथेनबर्गला ग्रेव्हयार्ड उभा केला. नील्सनकडे गाणे आणि गिटार, एडलुंडकडे बेस. ड्रमर आक्सेल श्योबेरी आणि दुसऱ्या गिटारवर योनातान लारोका-राम अशी 'हिसिंगेन ब्लूज'ची चौकडी जमली. पहिला अल्बम २००७ चा. तो चांगला आहे, पण त्यात हात अजून बसायचे होते.

हे सगळे स्वीडनमध्येच का घडले, याची कारणे बरीच रोकडी आहेत. तिथे नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, जिथे लहान वयातच वाद्य हाती पडते. लोकशिक्षणासाठी काम करणाऱ्या अभ्याससंस्था बँडांना तालमीची जागा आणि थोडाफार खर्च देतात. चार मुले आठवड्यातून दोनदा एकत्र वाजवतात याला तिथे शिक्षण समजले जाते. शिवाय देशाची स्वतःची जुनी परंपरा होतीच. नोव्हेंबर या तिघांच्या बँडने १९७० मध्येच स्वीडिश भाषेत जड ब्लूज-रॉक वाजवला होता. ग्रेव्हयार्ड बहुतांशी इंग्रजीत गातो, तरी 'बाइंग ट्रुथ' या गाण्याच्या शीर्षकाला कंसात स्वीडिश शेपूट आहे. त्याचा अर्थ 'आभार आणि क्षमस्व' असा होतो.

आता आवाजाकडे वळू. जुन्या हेवी रॉकचे वजन कशात होते, याचे उत्तर बरेच जण 'मोठ्या आवाजात' असे देतात. ते अर्धेच खरे. व्हॅक्यूम ट्यूबच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोराचा संकेत दिला, की तो लाटेची टोके एकदम न छाटता हळूहळू दाबतो. म्हणून तार हळू छेडली तर स्वर स्वच्छ येतो, जोरात छेडली तर फाटतो. बटणाला हात न लावता नुसत्या बोटाच्या दाबाने आवाजाची जात बदलते. टेपवरही असेच घडते; फार जोराचा आवाज टेप सामावून घेते आणि त्याचे कोपरे गोल होतात. वाजवणाऱ्याच्या हातातला फरक अशा साखळीतून सही सही पुढे जातो. नंतरच्या काळातल्या अतिविकृत गिटारमध्ये हा फरक उरत नाही, तिथे हलका आणि जोरदार आघात जवळपास एकाच आवाजाने बाहेर पडतात.

दुसरी गोष्ट खोलीची. लेड झेपेलिनने १९७१ मध्ये आलेल्या चौथ्या अल्बमसाठी हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या प्रशस्त घरात काम केले. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या पायथ्याशी मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावर, जिन्याच्या कठड्याजवळ लावले. ड्रमचा आवाज जिन्यातून वर चढताना भिंतींवर आपटत येतो. तो भिंतींसकट टेपवर उतरला. प्रत्येक ड्रमला चिकटून स्वतंत्र मायक्रोफोन लावला तर ठोका स्पष्ट मिळतो, पण त्या ठोक्याभोवतीची हवा हरवते. 'हिसिंगेन ब्लूज'चा निर्माता डॉन आल्स्टरबेरी याने ही हवा जपली आहे. झांजांची आस विरत जाताना नीट ऐकू येते, आणि शांत जागी खोली स्वतः ऐकू येते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आवाजातला चढउतार. १९९० च्या दशकापासून सीडीवरचे संगीत जास्तीत जास्त जोरात ऐकू यावे म्हणून हळू भाग वर उचलून जोरदार भागाच्या पातळीला आणण्याची चढाओढ लागली. मेटालिकाचा २००८ मधला 'डेथ मॅग्नेटिक' या प्रकारासाठी इतका बदनाम झाला, की चाहत्यांनीच तक्रारी केल्या. सगळेच जोरात असले की काहीच जोरात वाटत नाही. त्यातच संगणकावर प्रत्येक ठोका मोजपट्टीवर सरकवून नेमका बसवण्याची सोय झाली आणि लयीची नैसर्गिक मागेपुढे होणारी हालचाल गेली. ख्याल ऐकलेल्या माणसाला यातले नुकसान समजावून सांगावे लागत नाही. विलंबितातून द्रुताकडे जाताना लय कुठे, किती आणि का वाढली यातच गाणाऱ्याची समज दिसते. ग्रेव्हयार्डने जुन्या पद्धतीकडून हेच परत घेतले आहे. गाण्याला हळू होण्याची, थांबण्याची आणि मग मुसंडी मारण्याची मोकळीक त्यांनी ठेवली.

लांबीचेही तसेच. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपर्यंत संगीत भरले तर खाचा ऐसपैस राहतात. त्याहून जास्त भरले की त्या दाटीवाटीने कोराव्या लागतात आणि आवाज, विशेषतः खर्ज, कमी करावा लागतो. सीडीवर सत्तराहून अधिक मिनिटे मावू लागल्यावर अल्बम लांबले आणि पातळ झाले. 'हिसिंगेन ब्लूज'ची नऊ गाणी तबकडीच्या दोन बाजूंना आरामात बसतात, आणि त्यात भरतीचे काही नाही.

'एन्ट फिट टू लिव्ह हिअर' हे पहिले गाणे श्रोत्याला तयारीला वेळ देत नाही. तीनेक मिनिटांच्या त्या घोडदौडीत श्योबेरीचे ड्रम नुसती लय धरून बसत नाहीत, ते गिटारशी बोलतात, तिला डिवचतात. ब्लॅक सबाथचा बिल वॉर्ड जॅझमधून असेच झुलणे घेऊन आला होता. 'नो गुड, मिस्टर होल्डन' मध्यम चालीचे आणि ब्लूजच्या जवळचे. शीर्षकगीतात दोन्ही गिटार एकमेकींना चिकटून न चालता थोड्या अंतरावरून चालतात आणि मधल्या जागेतून बेस डोके वर काढतो. एडलुंडचा बेस या अल्बमचा लपलेला आधार आहे. चांगल्या स्पीकरवर फक्त त्याच्या मागे मागे जात एकदा संपूर्ण अल्बम ऐकावा.

चौथे गाणे 'अनकम्फर्टेबली नम' हे या संग्रहाचे हृदय. नाव पिंक फ्लॉइडच्या १९७९ मधल्या प्रसिद्ध गाण्याला उलटे करून ठेवलेले आहे, पण चाल सर्वस्वी वेगळी. सुरुवात इतकी संथ आणि उघडी, की नील्सनचा श्वास ऐकू यावा. तुटलेल्या नात्याचे हे गाणे असून तो ते तक्रारीच्या सुरात गात नाही; दमलेल्या माणसासारखा शब्द खाली ठेवत जातो. कडवे संपून धृपदाकडे वळताना गळा थोडा फाटतो, पुन्हा सावरतो. गाणे संपत आले असे वाटत असतानाच चौघे मिळून लय उचलतात आणि शेवटचा भाग गिटारच्या धावत्या वादनाने पेटून उठतो. गिटारने इथे काय वाजवले यापेक्षा ती किती उशिरा सुरू झाली, याला महत्त्व आहे. पाच मिनिटे राखून ठेवलेले सगळे त्या एका मिनिटात सुटते. सगळे एकाच पातळीवर दाबलेल्या ध्वनिमुद्रणात ही जागा मेली असती.

'बाइंग ट्रुथ' चटकन ओठावर बसणारे. त्यानंतरचे 'लाँगिंग' शब्दांविना आहे. त्यातली शीळ ऐकून इटालियन वेस्टर्न चित्रपटांच्या संगीताची, म्हणजे अर्थातच एन्यो मोरिकोनेची, आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दोन वादळांमधला हा विसावा नेमक्या जागी आला आहे. 'अनग्रेटफुल आर द डेड' या नावात ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडला कोपरखळी आहे. 'आर एस एस' छोटे आणि वेगवान. चांगले, पण बाकीच्यांच्या तुलनेत लवकर विसरले जाणारे.

शेवटचे 'द सायरन' मात्र विसरता येत नाही. जवळजवळ कुजबुजीत सुरू होणाऱ्या कडव्यांवर धृपद इतक्या जोराने कोसळते, की दुसऱ्यांदा ऐकताना माणूस आवाजाची पातळी आधीच कमी करून बसतो. नील्सनची किंकाळी इथे दाखवण्यासाठी मारलेली नाही. गाणे त्या टोकापर्यंत ढकलत नेते आणि बोलणे अपुरे पडते तिथे ती येते. प्रत्येक वेळी शांतता परत येते तेव्हा ती आधीपेक्षा जड झालेली असते. लेड झेपेलिनच्या रॉबर्ट प्लँटशी किंवा साउंडगार्डनच्या क्रिस कॉर्नेलशी या गळ्याची तुलना होत आली आहे. उंचीपुरती ती योग्यच, मात्र नील्सनचा आवाज त्या दोघांपेक्षा कमी दिमाखाचा आणि अधिक घरगुती दुःखाचा आहे.

या जातीच्या संगीतावर नकलेचा आरोप नेहमी होतो, आणि तो सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. सिडनीच्या वुल्फमदरने २००५ मध्ये जुन्या रिफांचे झगमगीत संकलनच सादर केले. मिशिगनच्या ग्रेटा व्हॅन फ्लीटला २०१९ मध्ये ग्रॅमी मिळाले, तरी लेड झेपेलिनची सावली त्यांच्यावरून हटली नाही. 'हिसिंगेन ब्लूज'मध्येही कुठे सबाथ, कुठे झेपेलिन, कुठे क्रीम ओळखू येतात. फरक असा, की ओळखीची ती खूण गाण्याच्या कामाला लागलेली असते. घराण्याची गायकी घेतलेला गायक गुरूच्या जागा घेतो म्हणून त्याला कोणी नकलाकार म्हणत नाही; त्या जागांमधून तो स्वतःचे काही मांडतो का, एवढेच पाहिले जाते. या कसोटीवर 'अनकम्फर्टेबली नम' आणि 'द सायरन' निःसंशय उतरतात, 'आर एस एस' काठावर राहते.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याला या अल्बमकडे जाण्याची वाट तशी परकी नाही. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव भरत आला, धोबीतलावच्या रंगभवनाने कित्येक वर्षे तो आपल्या अंगणात पेलला, आणि १९९५ मध्ये खुद्द डीप पर्पल ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. त्या पिढीच्या कानांना हा आवाज ओळखीचाच लागेल.

अल्बम न्यूक्लिअर ब्लास्ट या जर्मन कंपनीने प्रसिद्ध केला. तिचा मुख्य व्यवहार मेटलचा. त्यामुळे हे संगीत एकदम मोठ्या मेटल श्रोतृवर्गापुढे गेले. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या ओपेथने 'हेरिटेज'मध्ये घोगरे गुरगुरणे सोडून १९७० च्या दशकाकडे मोर्चा वळवला. पाठोपाठ बर्लिनचा काडावार आणि योरेब्रूचाच ब्लूज पिल्स पुढे आले, आणि विचक्राफ्टही याच कंपनीकडे आला. ग्रेव्हयार्डने २०१२ मध्ये 'लाइट्स आउट' आणि २०१५ मध्ये 'इनोसन्स अँड डेकडन्स' काढले. मधल्या काळात एडलुंड बाहेर पडला आणि पहिल्या अल्बमवर गिटार वाजवलेला त्रूल्स म्योर्क बेसवर आला. २०१६ मध्ये बँड मोडला, पुढच्याच वर्षी पुन्हा जुळला, मात्र ड्रमवर श्योबेरी नव्हता. त्याची जागा ओस्कार बेरीएनहेमने घेतली. २०१८ मध्ये 'पीस' आणि २०२३ मध्ये '६' हे अल्बम या नव्या चौकडीने केले. '६' बराचसा संथ आहे. 'हिसिंगेन ब्लूज'मध्ये वेगवान गाण्यांच्या मधोमध आलेली मंद लय तिथे अल्बमभर पसरली आहे.